बिनवासाची उदबत्ती

१२ डिसेंबर, मंगळवार

निवृत्त झाल्यावर ठरवलं होतं, आता काही लिहायचं नाही. चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून लिहिलं ते पुरे झालं. उदगीर, देगलूर, नांदेड, पुन्हा उदगीर. दुकानदार तागडी कशी धरतो एवढ्यावरून त्याच्या मनातलं ओळखायचो. आज चार वर्षांनी वही काढली, कारण खोट या वेळी घरातच आली आहे आणि नोंद नसली की उद्या कोणी मानत नाही.

बाब अशी. गेले तीन दिवस पूजेच्या उदबत्तीला वास नाही. धूर येतो, राख पडते, पण सुगंध शून्य. ही चंदनाची उदबत्ती मी अठ्ठावीस वर्षं शरणप्पाच्या पूजा साहित्याच्या दुकानातून घेतो. आज लिंगपूजेला बसलो, एक लावली, मग दुसरी लावली. काही नाही.

गुरम्माला विचारलं. ती भाजी निवडत होती.

"येतोय की वास. घरभर सुटलाय."

मान वर न करता म्हणाली, हे नोंदवून ठेवतो. तसंच हेही, की तिचं माहेर शिरूर अनंतपाळ आणि शरणप्पाही तिथलाच. ती त्याला अण्णा म्हणते. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, बायकोवर मी कधी शक घेतलेला नाही. आजही घेत नाही. फक्त नोंदवतो.

१३ डिसेंबर

सकाळी दुकानात गेलो. शरणप्पाने खुर्ची दिली, चहा मागवला. चहा मागवणारा दुकानदार मी ओळखतो.

"शरणप्पा, माल बदललास?"

"न्हाई साहेब. तोच हाय. तिकडूनच येतो, त्याच माणसाकडून."

"वास नाही त्याला."

त्याने माझ्यासमोर नवीन पुडा फोडला, एक काडी नाकाशी धरली, मग माझ्या नाकाशी धरली. "दरवळ तर हाय की, साहेब."

मला काहीही आलं नाही. तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तब्येत बरी हाय ना? तुमी लग्नाहून आल्यावर तापानं पडला होता म्हणं."

विषय बदलणं ही जुनी युक्ती आहे. चाकूरच्या लग्नाहून आल्यावर मला आठ दिवस ताप होता, नाक चोंदलं होतं, हे खरं. पण ते उतरलं. त्याचा उदबत्तीशी काय संबंध? आणि ही बातमी त्याला कोणी दिली?

पुडा घेतला. काडी कोरडी, बांबू नेहमीचा. फसवणूक असेल तर ती सुगंधी तेलात आहे.

१५ डिसेंबर

पद्धतशीर तपासणी केली. खिडक्या बंद, दार बंद, पंखा बंद. एक काडी अडतीस मिनिटं जळाली. मग एकदम पाच लावल्या. खोलीत धूर एवढा, की समोरचा बसवेश्वरांचा फोटो दिसेना.

गुरम्मा खोकत आत आली. डोळ्यांतून पाणी. "अवो, काय करून राहिलाव? जीव घुसमटला की!"

"वास येतो का ते सांग."

"वासानं डोकं उठलंय!"

खोकला जरा जास्तच वाटला.

सून दामिनी शाळेतून आली, तिने आधी सगळ्या खिडक्या उघडल्या. ती विज्ञान शिकवते. आपल्या घरात आली तेव्हापासून मी तिला मुलगीच मानतो, पण हल्ली पूजेच्या गोष्टीत तिचं बोट फार येतं. उदबत्तीचं घर फोटोच्या हाराखालून काढलं आणि रेती भरलेल्या पितळी ताटलीत ठेवलं. म्हणाली, "अप्पा, एका वेळी एकच लावा. खिडकी उघडी असू द्या. वर कापसाचं वस्त्र, शेजारी पडदा, ठिणगी कुठं जाईल सांगता येत नाही. आणि लावून उठून जाऊ नका."

उघड्या खिडकीतून वास बाहेर जावा, हेच कोणाला हवं असेल तर?

१७ डिसेंबर, रविवार

आता जेवणातही तेच. आमटी म्हणजे नुसतं गरम पाणी. कांदा-लसूण मसाला घातला म्हणतात. मी ताटातली वाटी बाजूला सारली.

"हिंग कमी केलं का?" विचारलं.

दामिनी आणि गुरम्माने एकमेकींकडे पाहिलं. पाहिलं, हे मी स्पष्ट पाहिलं. मुलगा उमाशंकर लातूरहून सुट्टीला आलाय, तो दोनदा आमटी घेऊन जेवला. म्हणाला, "आज फोडणी मस्त झालीय." त्याला आधीच पढवून ठेवलेलं असणार.

नंतर स्वयंपाकघरात कुजबुज चालली होती. "तुम्ही सांगा." "मी न्हाई बाई सांगायची, तुला म्हाईत न्हाईत ते." मी दारात उभा राहिलो तशी दोघी गप्प झाल्या.

काय सांगायचं होतं? माझं बीपी वाढलं म्हणून तेल-मसाला गुपचूप कमी केला असावा. डॉक्टरने सांगितलं असेल तर मला सरळ सांगावं. मी काय लहान मूल आहे?

अक्षराला बाजूला घेऊन विचारलं. नात सात वर्षांची, मला अज्जा आणि गुरम्माला अव्वा म्हणते, खोटं बोलता येत नाही. "अज्जा, आमटी तर रोजच्यासारखीच होती," म्हणाली. तिलाही शिकवलेलं दिसतं.

१९ डिसेंबर

ज्येष्ठांच्या ग्रुपवर लिहिलं. "शरणप्पाच्या दुकानातील चंदनाच्या उदबत्तीत सुगंधाचा लवलेश नाही. मी स्वतः तपासणी केली आहे. निवृत्त अधिकारी या नात्याने सांगतो, सर्वांनी सावध राहावे." खाली सही. अर्ध्या तासात चौदा जणांनी हात जोडले. दोघांनी लिहिलं, आम्हालाही तसंच वाटत होतं. बघा. मी एकटा नाही.

ग्राहकांच्या तक्रारीचा अर्जही तयार केला. नमुने तीन पाकिटांत बंद केले, वर तारीख टाकली.

गुरम्माला कळलं. ती ओरडली नाही, भांडली नाही. पदर खोचून ओट्याशी गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

२१ डिसेंबर

एसटीने नांदेडला गेलो. लिंबाजीचं मत घ्यायचं होतं. लिंबाजी म्हणजे माझ्याबरोबर एकवीस वर्षं फिरलेला शिपाई. प्रमाण वजनांची पेटी तो उचलायचा आणि पंच म्हणून सही करायला माणसं तोच गोळा करायचा. कमी बोलणारा, पण नजर पक्की. आता नांदेडला मुलाजवळ राहतो.

त्याच्या घरी बुद्धमूर्तीसमोर उदबत्ती जळत होती. पारूबाईंनी, त्याच्या बायकोने, पाणी आणलं.

"ही कोणती?" मी विचारलं.

"मोगऱ्याची, साहेब."

मी जवळ जाऊन हुंगलं. मोगरा नाही, काही नाही. अंगावर काटाच आला. म्हणजे प्रकरण एका दुकानापुरतं नाही! उदगीर ते नांदेड, पुरवठा एकाच ठिकाणाहून होत असला पाहिजे. लिंबाजीला सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत होता, मध्येच उठून आत गेला आणि वाटी घेऊन आला.

"हे घ्या साहेब, घरचं तूप हाय. जरा वास घ्या, कसं उतरलंय."

"छान आहे," म्हणालो. तूप छानच असतं.

लिंबाजीने वाटीत बघितलं. मग पारूबाईंकडे बघितलं. वाटी आत नेताना पारूबाई म्हणाल्या, "अवो, हे तर कालचं खोबऱ्याचं तेल हाय." लिंबाजी म्हणाला, "चुकून आणलं वाटतं."

म्हातारा झाला बिचारा. तेल आणि तूप कळेना. हिवाळ्यात दोन्ही सारखीच थिजतात म्हणा.

येताना बाजारातून लोबान, कोळसा आणि पितळेचं धुपाटणं घेतलं. काडीत फसवता येतं, खड्यात नाही.

२३ डिसेंबर

दामिनीने धुपाटणं गॅलरीत नेऊन ठेवलं. मी आत आणलं. तिने पुन्हा नेलं.

"अप्पा, कोळसा घरात नको. लावायचाच तर मोकळ्यावर लावा."

"पूजा काय मोकळ्यावर करतात?"

"धूर दिसतो म्हणून आपण सावध होतो. कोळशातून जे निघतं ते दिसतही नाही, त्याला वासही नसतो."

ज्याला वास नसतो त्याचं मला सांगते. मी वहीत लिहून घेतलं, तिला या विषयाची एवढी माहिती का असावी?

२६ डिसेंबर, मंगळवार

कालचं आज लिहितोय.

काल सोमवार. नाताळची सुट्टी म्हणून अक्षरा घरी होती. सकाळी न्हाऊन माझ्याजवळ पूजेला बसली. बेलाची पानं मोजून देत होती. थंडी होती, खिडक्या बंद होत्या. मी धुपाटणं पेटवलं, दार लावून घेतलं, फटीला गोणपाट लावलं. वास साचायला वेळ लागतो, असा माझा अंदाज होता. लोबान टाकत गेलो. काही येईना. आणखी कोळसा टाकला.

अक्षरा म्हणाली, "अज्जा, डोकं दुखतंय."

मी म्हणालो, "झालंच."

माझंही कपाळ जड झालं होतं, पण उपाशीपोटी असं होतं. थोड्या वेळाने बघतो तर ती भिंतीला टेकून झोपलेली. ओठ पांढरे. हाक मारली तर डोळे उघडले पण माझ्याकडे बघेना. मग उलटी. मी उठायला गेलो तर पाय साथ देईनात. कडी काढता आली एवढं आठवतं.

दामिनी पळत आली. तिने अक्षराला उचलून अंगणात नेलं. ती रडली नाही. मला म्हणाली, "बाहेर या." अप्पा नाही म्हणाली.

दवाखान्यात दोन-तीन तास ऑक्सिजन लावला. मलाही लावला. डॉक्टर तरुण पोरगा, म्हणाला, बंद खोलीत कोळसा जाळल्यामुळे कार्बन मोनॉक्साइड साचला, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. संध्याकाळी घरी सोडलं. अक्षरा आता बरी आहे, दूध-बिस्किट खाल्लं.

माझा संशय केकवर आहे. शनिवारी शाळेत वाटलेला केक तिने सोमवारपर्यंत डब्यात ठेवला होता आणि सकाळी खाल्ला. शिळा केक लहान मुलांना बाधतो. डॉक्टरने विचारलंच नाही.

पण मी तर केक खाल्ला नव्हता.

२७ डिसेंबर

दामिनी रजा टाकून अक्षराला घेऊन माहेरी हिमायतनगरला गेली. जाताना माझ्या पाया पडली. नेहमी पडते तशीच. अक्षराला मात्र तिने माझ्या खोलीत येऊ दिलं नाही.

३० डिसेंबर

उमाशंकर फोनवर मोजकं बोलतो. गुरम्मा ताट वाढते आणि उठून जाते. ताटात काय आहे ते मी बघून ओळखतो.

आज कळलं की लिंबाजीने मी नांदेडहून निघालो त्याच दिवशी गुरम्माला फोन केला होता. नंतरही दोनदा केला. माझा शिपाई माझ्या माघारी माझ्या बायकोशी माझ्याबद्दल बोलतो. शरणप्पा, गुरम्मा, दामिनी, आता लिंबाजीसुद्धा. एवढी माणसं एका उदबत्तीसाठी एक होतात?

दुपारी वही वाचून काढली, पहिल्या पानापासून. काहीतरी सुटतंय. सापडत नाही.

१ जानेवारी, सोमवार

लिंबाजी आला. सकाळच्या गाडीने, न कळवता. मी दारातच म्हणालो, "फोन करायला तुला कोणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मला फिकर वाटली." चप्पल काढून आत आला, जमिनीवर बसला. मी कितीदा सांगितलं असेल खुर्चीवर बस म्हणून. "साहेब, शरणप्पावर अर्ज लिवलाव ना?"

"लिहिला. नमुने बंद आहेत."

"मग नमुना पंचासमोर तपासावा लागंल. नाहीतर अर्ज टिकत न्हाई. हे तुमीच शिकवलं मला."

माणूस वाकडा गेला असेल, पण काम विसरला नाही. मला बरं वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणी नीट बोललं.

त्याने आपला गमछा माझ्या डोळ्यांवर बांधला. "डोळ्यानं बघून वास घेतला तर म्होरला वकील इचारतो." बरोबर आहे. गुरम्माला पंच म्हणून बसवलं. लिंबाजी एकेक बशी नाकाखाली धरायचा आणि मी सांगायचं, असं ठरलं.

पहिली बशी. "वास नाही," मी म्हणालो.

दुसरी. "नाही."

तिसरी. "नाही. लिहून घे, लिंबाजी, तिन्ही नमुने सदोष."

"अजून दोन हायत, साहेब."

चौथी. नाही. डोळे मात्र झोंबायला लागले.

पाचवी. गुरम्मा हुंदका दाबत होती, ते ऐकू आलं.

"नाही," मी म्हणालो.

लिंबाजीने गमछा सोडला. ओळीने पाच बश्या. पहिलीत शरणप्पाची काडी जळत होती. दुसरीत त्याने नांदेडहून आणलेली मोगऱ्याची. तिसरीत कोमट पाण्यात कालवलेला हिंग. चौथीत नुकताच चिरलेला कांदा. पाचवीत रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी.

मी आधी त्याच्याकडेच संशयाने बघितलं. गमछा सोडताना बश्या बदलल्या असतील. चिंधी उचलली. बोटं बुळबुळीत झाली. नाकाला लावली, ओढली. पुन्हा ओढली. गुरम्मा म्हणाली, "बास करा."

रॉकेल होतं. गॅस येण्याआधी याच घरात वीस वर्षं स्टोव्ह पेटवलाय मी.

"साहेब," लिंबाजी म्हणाला, "नमुना बरोबर हाय. काटा बिघडलाय."

त्याने कागद पुढे केला. पंचनामा मीच लिहिला. पाच ओळी. पंचांच्या सह्या घेतल्या. गुरम्माने सही करताना पेन फार घट्ट धरलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कांद्याचं.

२ जानेवारी

लिंबाजी काल दुपारच्या गाडीने गेला. आज मी गुरम्माला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं?

"त्या नऊ तारखेपासून. दूध करपून पातेलं काळं ठिक्कर झालं. तुमी शेजारी बसून पेपर वाचत होता. म्या आंगणातून पळत आले, आन तुमी मला इचारलं, काय झालं म्हणून."

"मग सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर माझ्यावर शक घेतला असता."

नाही घेतला, असं म्हणणार होतो. पण वही माझ्यासमोर होती.

"चपला दारात काढून यायचे तुमी," ती म्हणाली, "पर साहेब कधी दारात ठेवून आले न्हाईत. पोराच्या दप्तराची झडती घ्यायचे. मी बाजारातून आले की पिशवी तोलायचे. हसत तोलायचे, पर तोलायचे. आमी शिकलो, कमी बोलायचं. आता ह्या पोरीचं असं झाल्यावर मला वाटायलंय, मी त्या दिवशीच बोलायला पाहिजे होतं. चूक माझी बी हाय."

तिची चूक नव्हती. हे मी तिला तोंडाने सांगितलं. वहीत लिहिण्याआधी सांगितलं, एवढी नोंद करतो.

३ जानेवारी

नाकाच्या डॉक्टरकडे गेलो, लातूरला. उमाशंकर बरोबर होता. तापात वासाची नस दुखावली आहे. महिन्यात येईल, वर्षात येईल, किंवा येणार नाही. घरात धूर कमी, गॅसची वास घेऊन खात्री दुसऱ्याने करायची, शिळं-ताजं दुसऱ्याला विचारायचं. म्हणजे इथून पुढे दुसऱ्याच्या शब्दावर जगायचं.

वाटेत उमाशंकरला म्हणालो, "केकचा काही संबंध नव्हता."

तो गाडी चालवत होता. "कोणत्या केकचा?" म्हणाला.

मी सांगितलं नाही.

४ जानेवारी

शरणप्पाच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. त्याने खुर्ची दिली. मी उभाच राहिलो.

"शरणप्पा, तुझ्या उदबत्तीला वास आहे. मला येत नाही. ग्रुपवर मी तसं लिहून आलोय आत्ता, माझ्या सहीने. अर्ज फाडला."

तो काही वेळ पुडे सारखे करत राहिला. "चौदा जणांनी हात जोडले होते साहेब, त्यातले नऊ माझ्याकडनंच घेतात. दुसऱ्या दिवशी समोरून जाताना तिकडं बघत चालले."

"माहीत आहे."

"मला म्हाईत होतं तुमाला काय झालं ते. दुकानात आला तवाच. माझ्या आईला असंच झालं होतं. पर तुमाला कसं सांगावं? साहेब तुमी."

पुन्हा तेच. दुसऱ्या तोंडून तेच.

मी म्हणालो, "आता सांगत जा." चहा आला. प्यायलो. गरम होता, गोड होता, एवढंच कळलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही. मी निघताना त्याने नेहमीचा पुडा बांधून दिला.

७ जानेवारी, रविवार

दामिनी आणि अक्षरा आल्या. मी धुपाटणं आधीच भंगारात दिलं होतं, कोळसा टाकून दिला होता. दामिनीने रिकामी गॅलरी बघितली. मी तिला सांगायचं ठरवलेलं वाक्य विसरलो. म्हणालो, "पोरी, दार मी लावलं होतं. फटही मीच बुजवली होती."

"हो अप्पा," ती म्हणाली. एवढंच. मग आत जाऊन तिने चहा टाकला. थोड्या वेळाने आतून हाक आली, "अप्पा, साखर किती?" हे ती मला कधी विचारत नाही, तिला पाठ आहे.

८ जानेवारी, सोमवार

सकाळी दोन्ही खिडक्या उघडल्या. थंडी आत आली, येऊ दिली. पितळी ताटलीत रेती, त्यात एकच काडी, पडद्यापासून लांब, वर काही लोंबत नाही ते बघून. पूजेला बसलो.

अक्षरा आत आली नाही. उंबऱ्यावर बसली, पाय बाहेर, तोंड माझ्याकडे. मी बोलावलं नाही. तिच्या आईने काय सांगितलं असेल, काय नसेल, ते विचारलं नाही.

काडी लावली. धूर सरळ वर गेला आणि खिडकीकडे वळला.

"अज्जा, तुला खरंच येत नाही?"

"नाही येत."

"थोडासा पण?"

"थोडासा पण नाही. तुला येतो का?"

तिने नाक वर करून दोनदा ओढलं. "येतोय."

"कसा आहे?"

ती विचारात पडली. "अव्वाच्या पेटीतल्या साडीसारखा. आणि... पेन्सिलला टोक केल्यावर येतो ना, तसा."

चंदनाला पेन्सिलीचा वास? मनात आलं, थट्टा करते की काय. की मला बरं वाटावं म्हणून रचून सांगते? तिच्याकडे बघितलं. ती धुराकडे बघत होती. बश्या मांडून, गमछा बांधून तपासता आलं असतं.

काडी संपेपर्यंत बसलो. टोक रेतीत दाबलं. विझलं का ते बोटाने बघितलं. मग अक्षराला विचारलं, "आता काही जळतंय का गं?"

"नाही अज्जा," ती म्हणाली.

उठलो. पुन्हा बघितलं नाही.